कामाच्या वेळात हसण्याबद्दल

आमच्या प्रयोगशाळेत एका मुलीला हसण्याबद्दल तीन मेमो मिळाले होते, आणि तिन्ही तिनेच टाइप केले होते. दुसरं कोणी नव्हतंच टाइप करायला. प्रशासन अधिकारी मजकूर सांगायचे, ती कार्बन घालून एक मूळ प्रत आणि दोन नकला काढायची, ते सही करायचे आणि मूळ प्रत तिच्याच हातात देऊन पोच घ्यायचे. तिसऱ्या मेमोच्या वेळी ‘कामाच्या वेळात विनाकारण हसणे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ टाइप करताना तिला इतकं हसू आलं की त्या एका ओळीत चार चुका झाल्या. त्या चारही चुका तिच्याविरुद्ध धरल्या गेल्या.

ही गोष्ट मुलुंडची, गिरण्यांच्या संपानंतर दोन-तीन वर्षांची. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि औषधांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आरोग्य व सुरक्षा सल्लागार होतो. पदाचं नाव लांबलचक, काम साधं. सकाळी दोनशे अकरा माणसं आत येतात. ती सगळी संध्याकाळी तितक्याच बोटांनिशी आणि तितक्याच डोळ्यांनिशी बाहेर पडली पाहिजेत. त्यासाठी मी मोजत असे. वाळूच्या बादल्या छत्तीस. दर सोमवारी मोजायचो, कारण दर सोमवारी एखादी अर्धी झालेली असायची. कॅन्टीनवाला कढया घासायला वाळू न्यायचा. जिन्याच्या पायऱ्या चव्वेचाळीस, आणि दर अकराव्या पायरीवर माझी पाटी: ‘धावू नये.’ घरीसुद्धा गॅसच्या रबरी नळीवर ती कधी बदलली त्याची चिठ्ठी मी चिकटवली होती. पाहुणे आले की माझी बायको चहाबरोबर त्यांना ती चिठ्ठीही दाखवायची.

ही मुलगी बावीस वर्षांची. घाटकोपरला डोंगराच्या बाजूच्या चाळीत राहायची. वडील गिरणीत होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही. दोन धाकटे भाऊ शाळेत. घरात पगार एकच, हिचा, आणि तोही कच्चा. सहा महिन्यांनी कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं. ते सहा महिने ऑक्टोबरअखेर संपत होते.

सप्टेंबरात एके सकाळी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“साहेब, माणसाला वेड लागतं ते हळूहळू लागतं की एकदम?”

“कोणाला लागलंय?”

“मला, बहुतेक. रोज तीन वाजले की डोकं हलकं होतं, आणि मग हसू येतं. कशालाही. काल मी स्टेपलरला हसले. साहेब, स्टेपलरमध्ये हसण्यासारखं काय आहे, सांगा ना?”

“काही नाही.”

“तेच तर! आणि सुटलं की डोकं ठणकतं. घाटकोपर येईपर्यंत उतरतं.”

“सकाळी हसू येत नाही?”

“सकाळी मी एकदम शहाणी असते. आता बघा ना.” मग जरा थांबून म्हणाली, “आई म्हणते, तेवढी नोकरी पक्की होऊ दे, मग जन्मभर हस.”

मी वहीत लिहून घेतलं: दुपारी तीन ते पाच. सकाळी नाही. रविवारी नाही. ज्या हसण्याला वेळापत्रक असतं ते स्वभावातलं नसतं, एवढं मला कळत होतं. आमच्याकडे तळमजल्यावर ईथर भरपूर वापरलं जायचं. ईथरची वाफ थोडी थोडी नाकात जात राहिली की डोकं हलकं होतं. कोणाला झोप येते, कोणाला हसू. वास येईल म्हणाल, तर आमच्या सगळ्या इमारतीलाच दवाखान्याचा वास होता. तो आम्हाला कपडे धुवायला काढल्यावरच जाणवायचा.

पण ईथर तळमजल्यावर, आणि ही बसायची दुसऱ्या मजल्यावर. ईथर उघडायचं ते फक्त वाफ ओढून घेणाऱ्या कपाटांत. पुढे वरखाली सरकणारी काच, मागे फटी, वर पंखा. वाफ पंख्याने खेचली जाऊन नळीवाटे थेट गच्चीवर जायची. अशी कपाटं चार होती.

मी प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेलो. हे गृहस्थ पार्ल्याचे. शुद्ध मराठी, शुद्ध इंग्रजी, पूर्ण टक्कल. अकरा वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

“मुलगी हसते, पत्रांत चुका होतात,” ते म्हणाले. “परवा एका पत्रात ‘आपला विश्वासू’च्या जागी पुन्हा तारीखच आली.”

“पण कारण हवेमध्ये असलं तर?”

“तर मोजून दाखवा. तुम्ही मोजणारे गृहस्थ आहात. तुमचा आकडा मी मानीन. मात्र आकडाच मानीन.”

हे मला फार आवडलं. मी खुशीत बाहेर पडलो.

मोजायचं साधन म्हणजे मुठीत दाबायचा एक रबरी भाता आणि त्याला जोडायची काचेची बारीक नळी. नळीत केशरी पूड. हवेत ईथर असलं की पूड हिरवी पडत जाते. किती लांब हिरवी पडली ते नळीवरच्या रेघांवरून वाचायचं. या नळ्या परदेशी, एकदा वापरली की फेकायची, आणि माझ्याकडे पाचच उरल्या होत्या. मी तीन दिवस, दिवसाला एक, अशा तीन वापरल्या. तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून तिन्ही दिवस एक ते दीड या वेळात, जेवणाच्या सुट्टीत मोजलं. तिन्ही दिवस पूड केशरीच्या केशरी. शून्य, शून्य, शून्य.

मग गच्चीवर गेलो. कपाटं चार, तर वाफेच्या नळ्या चार दिसल्या पाहिजेत. मोजल्या, चार होत्या. प्रत्येकीला हात लावून वहीत नोंद केली. माझी नोंद अजून आहे: ‘क्र. १ गार. क्र. २ गार. क्र. ३ गार. क्र. ४ कोमट.’ खाली बेरीज, बरोबरची खूण आणि सही.

अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली.

“शून्य निघालं म्हणतात.”

“हो.”

“म्हणजे हवेत काही नाही.”

“तीन वेळा पाहिलं.”

“म्हणजे मग मीच,” ती म्हणाली. अकरा वाजले होते. हसण्याची वेळ नव्हती. ती हसलीही नाही. “ठीक आहे. थँक्यू, साहेब. निदान मोजलंत तरी.”

त्या थँक्यूने मला दोन रात्री झोप लागली नाही. माझ्या आकड्यामुळे तिची नोकरी जाणार होती, आणि आकड्यात चूक तर सापडत नव्हती.

तेवढ्यात दसरा आला. दसऱ्याला सुट्टी असायची, म्हणून प्रयोगशाळेतली यंत्रांची पूजा आदल्या दिवशी दुपारी व्हायची, आणि तो दिवस दरवर्षी माझ्या कसोटीचा असायचा. पूजेचा कारभार एका अटेंडंटकडे होता. मालवणचा माणूस, सव्वीस वर्षं काचसामान धुतलेलं, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी त्याला नियम वाचून दाखवले. सकाळपासून ईथरची एकही बाटली उघडायची नाही. निरांजन नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. तराजूच्या पारड्यात कुंकू नाही. नारळ बाहेर अंगणात फोडायचा, आणि फोडणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावायचा.

“आणि ओवाळूचा कशान?” त्याने विचारलं.

मी खिशातली बॅटरी काढून दिली. “ही पेटवून ओवाळा.”

तो बॅटरीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. “साहेबांनू, देवीच्या तोंडार बॅटरी मारूची? ती काय चोर आसा?”

तरुण केमिस्ट मंडळी टेबलं धरून हसली. पण मी हटलो नाही, आणि शेवटचा नियम सांगितला: पूजा चालू असताना चारही कपाटांचे पंखे सुरू पाहिजेत. ईथर नव्हतं, तरी नियम तो नियम.

साडेतीनला पूजा सुरू झाली. ओव्हनला झेंडूची माळ, सेंट्रिफ्यूजला माळ, टायपिंगच्या खोलीत नेऊन ठेवण्यासाठी एक छोटी माळ वेगळी. अंगणात अटेंडंटने प्रयोगशाळेचा चष्मा लावून, हातमोजे घालून (हातमोजे मी सांगितले नव्हते, ते त्याने मला चिडवायला घातले) एका घावात नारळ फोडला. “कोणाचो डोळो गेलो नाय,” असं त्याने ओरडून जाहीर केलं. मग सगळे चौथ्या क्रमांकाच्या कपाटापुढे जमले. ते सगळ्यात मोठं, म्हणून मान त्याचा. त्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. बॅटरीने आरती झाली. मंत्रपुष्पांजलीसाठी प्रत्येकाच्या मुठीत झेंडूच्या सुट्या पाकळ्या होत्या. शेवटचा शब्द झाला आणि तीस-पस्तीस मुठी एकदम कपाटात रिकाम्या झाल्या.

पाकळ्या खाली पडल्याच नाहीत. क्षणभर कपाटात केशरी भोवरा दिसला, आणि मागच्या फटींतून पाकळ्या सूं करून वर गेल्या. कपाट स्वच्छ.

“घेतल्यान गो बाय!” अटेंडंट ओरडला. “देवीन फुलां घेतल्यान!”

पोरांना चेव आला. टोपलीतल्या उरलेल्या पाकळ्याही ओंजळी भरभरून आत टाकायला लागले. पंखा घेतोय, घेतोय, आणि हे देतायत. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण पंख्याची ओढ इतकी चांगली आहे हे पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर एक ओंजळ मीही टाकली.

इकडे हे चाललं असताना दुसऱ्या मजल्यावर ती एकटी टायपरायटरपाशी बसली होती, आणि प्रशासन अधिकारी शेजारी उभं राहून मजकूर सांगत होते. पत्र तिला कायम न करण्याबद्दलचं होतं. गोपनीय होतं, पण टायपिस्ट एकच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी असं पत्र देऊ नये हे त्यांनाही वाटत होतं, म्हणून त्यावर दसऱ्यानंतरची तारीख घातली होती. हे मला नंतर कळलं.

मला कळलं ते एवढंच, की जिन्याच्या वरच्या टोकावरून तिचा आवाज आला.

“साहेब! सुरक्षावाले साहेब! वर या लवकर! आमच्याकडे वरून फुलं पडतायत!”

मी धावलो. माझ्याच चार पाट्यांसमोरून, एका वेळी दोन पायऱ्या घेत, चव्वेचाळीस पायऱ्या धावलो. मागून सगळी प्रयोगशाळा धावली.

टायपिंगच्या खोलीला प्लायवूडचं खोटं छत होतं. त्याला भोक पाडून त्यातून वरच्या पंख्याची दांडी खाली सोडलेली. त्या भोकातून पाकळ्या खाली येत होत्या, फिरत्या पात्यांवर पडत होत्या आणि पाती त्या खोलीभर उधळत होती. टेबलावर झेंडू, फायलींवर झेंडू, टायपरायटरच्या पोटात झेंडू. मधोमध प्रशासन अधिकारी, हातात मजकुराचा कागद. टक्कलावर पाकळ्या, खांद्यांवर पाकळ्या, चष्म्याच्या दांडीत एक अडकलेली. लग्नाच्या मांडवात उभा केलेला नवरदेव जितका गोंधळलेला दिसतो, त्याहून दुप्पट गोंधळलेले.

“हा चावटपणा कोणाचा आहे?” ते म्हणाले.

“माझा,” मी म्हणालो. “साहेब, ही चौथी नळी आहे.”

खुर्चीवर चढू नये हाही माझाच नियम. मी खुर्चीवर चढलो, तिच्या टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि छताचा एक तुकडा वर सरकवला. टोपलीभर पाकळ्या माझ्या तोंडावर आल्या. डोळे पुसून वर पाहिलं. पत्र्याच्या नळीचं तोंड तिथेच, हातभर अंतरावर, उघडं. गच्चीच्या एका कोपऱ्यात पुढे ही टायपिंगची खोली बांधली, तेव्हा ठेकेदाराने नळी छताबाहेर काढायचे कष्ट घेतले नव्हते. ती छताच्या पोटात सोडून खाली प्लायवूड ठोकलं होतं. चौथ्या कपाटात ईथर उघडत ते दुपारीच; पाच महिने रोज ते तळमजल्यावरून या मुलीच्या डोक्यावर येत होतं, आणि पंख्याची पाती ते तिला नीट वाढून देत होती.

मग गच्चीवरची चौथी नळी कसली? खुर्चीवर उभा असतानाच मला आठवलं. ‘क्र. ४ कोमट.’ ते कॅन्टीनचं धुराडं होतं. कोमट का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, कारण बेरीज जुळली होती. आणि एक ते दीड केमिस्ट जेवायला जात, तेव्हा ते कपाटांचे पंखे बंद करून जात. तसा नियमही माझाच होता.

ईथरची वाफ, आणि तिच्यातून गेलेली पंख्याची वायर. एक ठिणगी उडाली असती तर मी काय मोजत बसलो असतो? मी खाली उतरलो, पंख्याचं बटण बंद केलं आणि खोलीला कुलूप लावायला सांगितलं.

तेव्हा ते घडलं. प्रशासन अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, दांडीतली पाकळी चिमटीत धरली आणि हातातला कागद वाचला. “‘वारंवार समज देऊनही,’” ते मोठ्याने म्हणाले, “‘वारंवार समज देऊनही वर्तनात फरक...’” आणि पुढचं वाचताच येईना. आधी खांदे हलायला लागले. मग घशातून एक आवाज निघाला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी निघतो तसा. मग दात दिसले. चांगले होते दात. ते टेबल धरून हसत होते, ती टायपरायटरवर डोकं टेकून हसत होती, दारात अटेंडंट चष्मा आणि हातमोजे घातलेलाच उभा राहून हसत होता. “पावली गो पावली,” तो म्हणत होता, “बॅटरीन ओवाळली तरी पावली!”

“मॅडम,” साहेब डोळे पुसत म्हणाले (आजपर्यंत ते तिला नुसतं ‘हे टाइप करा’ म्हणायचे), “ते पत्र मशीनमधून काढा.”

“कितवी ओळ झाली होती, साहेब?”

“जितवी असेल तितवी. काढा.”

तिने मूळ प्रत, दोन कार्बन आणि दोन नकला एका हिसक्यात ओढल्या. तो कर्रर्र आवाज मला अजून ऐकू येतो.

पण ते मूळचे पार्ल्याचेच. जाता जाता मला म्हणाले, “फुलं हा पुरावा नव्हे. आकडा आणा.”

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर तिला पॅसेजमध्ये बसवलं, त्या खोलीपुरती वीज मेन स्विचवरून तोडली, खाली एकदाच नेहमीसारखं काम सुरू करायला सांगितलं, आणि दुपारी तीनला ओला रुमाल नाकाला बांधून मी कुलूप उघडलं. काचेची चौथी नळी भात्याला लावली. पूड शेवटच्या रेघेपर्यंत हिरवीगार झाली, आणि पुढे मोजायला रेघच उरली नाही. लगेच चौथं कपाट बंद केलं. अहवालात आधीची तीन शून्यं लाल शाईने खोडली, कारण लिहिलं, आणि प्रत्येक खोडलेल्या शून्याशेजारी सही केली.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळी लाटायची थांबली. “म्हणजे तुम्ही गॅस बंद करून कुकरच्या शिट्टीची वाट बघत बसला होतात. तीन दिवस?”

“तीन दिवस.”

“आणि वर सही?”

“सही.”

ती पोळपाटावर ओणवी होऊन हसली. पोळी जळली. मी गॅस बंद केला.

ऑक्टोबरअखेर ती कायम झाली. तीन मेमो फायलीतून काढून टाकता येणार नाहीत, असा नियम निघाला; म्हणून प्रशासन अधिकाऱ्यांनी चौथा जोडला. त्याचा अर्थ असा: ‘वरील तिन्ही मेमोंमध्ये उल्लेखिलेले हास्य इमारतीमुळे झाले असून कर्मचाऱ्याचा त्यात दोष नाही.’ तोही तिनेच टाइप केला. एकही चूक नव्हती.

पत्र्याची नळी छताबाहेर काढली, कॅन्टीनच्या धुराड्यावर मी पांढऱ्या रंगाने ‘कॅन्टीन’ असं लिहवून घेतलं, आणि ती पुन्हा आपल्या खोलीत बसू लागली. आठवड्याभराने प्रशासन अधिकारी माझ्याकडे आले. चेहरा पूर्वीसारखा.

“ती अजून हसते,” ते म्हणाले.

“किती वाजता?”

“कधीही. आज सकाळी दहाला. मी आत गेलो, तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि...”

माझ्याकडे एकच नळी उरली होती, पाचवी. ती घेऊन मी वर गेलो. या वेळी ठरवून दुपारी तीनला, खाली चारही कपाटं सुरू असताना, ती टाइप करत असतानाच. तिच्या नाकाच्या पातळीवर भाता धरून मी दहा वेळा दाबला. ती टाइप करता करता तिरक्या नजरेने बघत होती आणि ओठ मिटून ठेवायचा प्रयत्न करत होती.

“काय निघालं, साहेब?”

मी नळी खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिली. पूड या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी होती.

“शून्य,” मी म्हणालो.

“म्हणजे मीच!” ती म्हणाली, आणि जी हसत सुटली ती थांबेचना. मी वहीत वेळ लिहिली, शून्य लिहिलं आणि सही केली.